जत्रेतले पाळणे: जोडणी आणि खोलणीचा इतिहास

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा हे तिचे मूळ अंग. पण सोलापूरकरांच्या लहानपणातला ‘गड्डा’ म्हणजे होम मैदानावरचे पाळणे. माहीमचा डिसेंबरातला उरूस, वांद्र्याची सप्टेंबरातली माउंट मेरीची जत्रा, नाशिकची नवरात्रातली कालिका यात्रा, नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, गोव्यात फेस्ताबरोबर भरणारी फेरी, देवस्थान कोणतेही असो, मैदानाच्या एका कडेला दिव्यांनी लखलखणारा आकाशपाळणा असतोच. आठवड्यापूर्वी तो तिथे नव्हता आणि जत्रा उठली की आठवड्यात तो नसेल.

या यंत्रांचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा उंचीचा इतिहास सांगितला जातो: कुठल्या शहरात किती फुटांचे चाक कधी उभे राहिले वगैरे. जत्रेतल्या पाळण्याला तो इतिहास फारसा लागू पडत नाही. त्याचा आकार ठरवला तो ट्रकने. सगळे भाग ट्रकमध्ये मावले पाहिजेत, हाताशी असलेल्या माणसांना ते उचलता आले पाहिजेत, दोन-तीन दिवसांत जोडता आणि त्याहून लवकर खोलता आले पाहिजेत. त्याची गंमत, त्याची करकर आणि त्याचे धोके, तिन्हींचा उगम या जोडणी-खोलणीत आहे.

लहानपणच्या आठवणीत साधारण तीन गोष्टी पक्क्या बसलेल्या असतात. माथ्यावरून खाली येताना पोटात आलेला गोळा, मध्येच पाळणा थांबून वर लटकत राहणे, आणि कानात बसलेला लोखंडाचा आवाज. तिन्हींना यांत्रिक कारणे आहेत आणि ती समजली की इतिहासही उलगडत जातो.

फिरत्या चाकाला आसने टांगण्याची कल्पना कुणा एकाची नाही. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने १६१५ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये रमजानच्या सणात असे मोठे चाक पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. पुढे १६२८ मध्ये सुरतेला आलेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने १६२० साली फिलिपोपोलिस इथे, म्हणजे आजच्या बल्गेरियातल्या प्लोव्दिव्हमध्ये, मुलांचे झोके पाहिले आणि त्यांची चित्रेही काढली. चाक उभे फिरत असले तरी मुले मात्र सरळच बसलेली राहतात, हे त्याने आवर्जून नोंदवले. आसन चाकाला घट्ट न ठोकता वरच्या दांड्यावर मोकळे टांगायचे, म्हणजे ते आपल्या वजनाने खालीच लोंबत राहते. सगळ्या पाळण्यांची मूळ युक्ती हीच.

बंगालमधला नागरदोला आणि आपल्याकडचा चार खोक्यांचा रहाटपाळणा एकाच घराण्यातले. कैचीसारखे बांधलेले दोन खांब, त्यांच्या खाचेत आडवी बसवलेली जाड लाट, म्हणजे फिरता लाकडी ओंडका, लाटेच्या दोन्ही टोकांना एकमेकांवर आडवे-उभे ठोकलेले हात आणि हातांच्या टोकांमध्ये लोंबणारी चार खोकी. इंजिन नाही. पाळणेवाला समोर आलेले खोके धरून खाली ओढतो आणि सोडतो. सुरुवातीचे दोन फेरे जड जातात. चाकाने वेग घेतला की दर फेऱ्याला एक हलका हिसका पुरतो. लाकूड लाकडावर घासते म्हणून करकर. तेल किंवा ग्रीस चोपडले की ती थोडा वेळ थांबते. धूळ बसली की पुन्हा सुरू.

हे छोटे चाक पोटात एवढा मोठा गोळा का आणते, ते हिशेबाने पाहण्यासारखे आहे. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणारे त्वरण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हात २ मीटर लांब आणि मिनिटाला १२ फेरे धरले, तर हे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ एक तृतीयांश भरते. म्हणजे ३० किलोच्या मुलाला माथ्यावर आपण २० किलोचे झालो असे वाटते आणि तळाशी ४० किलोचे. हलके होण्याची ही अवस्था वर्तुळाच्या वरच्या अर्ध्या भागात सगळीकडे थोडीफार असते, पण माथा ओलांडल्यावर समोर एकदम जमीन दिसते. डोळे ‘पडतोय’ म्हणतात, आतल्या कानातले तोल सांभाळणारे कण तेच सांगतात, आणि पोटातल्या अवयवांवरचा नेहमीचा ताण सैल होतो. त्या सगळ्याचा मिळून तो गोळा.

आता दुसऱ्या टोकाचे चाक घेऊ. जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस या पूल-बांधणीतल्या अभियंत्याने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी २६४ फूट उंचीचे चाक उभारले. प्रदर्शन १ मे रोजी सुरू झाले, चाक तयार व्हायला २१ जून उजाडला. ३६ डबे, प्रत्येकात ६० माणसे, एका वेळी २,१६० जण. सुमारे ४५ फूट लांब आणि ३३ इंच जाडीचा पोलादी आस बेथलेहेम आयर्न कंपनीने घडवला होता. एका तुकड्यात घडवलेला त्या काळचा तो सर्वांत मोठा पोलादी भाग मानला गेला. चाक फिरवायला हजार अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन, आणि तेवढेच दुसरे राखीव. हे सगळे खरोखर थोर काम आहे. पण न थांबता एका फेऱ्याला त्याला ९ मिनिटे लागत. या वेगाला ३० किलोच्या मुलाच्या वजनात माथ्यावर फरक पडतो तो १६ ग्रॅमचा. शिकागोच्या चाकात बसून शहर दिसत होते. पोटात गोळा यायचे काही कारणच नव्हते.

त्या चाकाचे पुढे काय झाले ते जत्रेच्या दृष्टीने जास्त बोलके आहे. ते १८९४ मध्ये उतरवले, शिकागोतच दुसऱ्या जागी पुन्हा उभारले, १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनासाठी तिकडे नेले आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडले. तेराएक वर्षांत तीन जागा. प्रत्येक हलवाहलव म्हणजे महिनोन्महिन्यांचे काम आणि अफाट खर्च. स्वतः फेरिस १८९६ मध्येच वारला होता. व्हिएन्नाचे १८९७ चे रीझेनराड हे चाक आजही फिरते, कारण ते जागचे हललेच नाही.

जत्रेच्या लोखंडी पाळण्याची नाळ जुळते ती विल्यम सलिव्हनशी. तोही पूल बांधणारा. शिकागोचे चाक पाहून त्याने ठरवले की असेच, पण गावोगाव नेता येईल असे चाक करायचे. १९०० साली इलिनॉयमधल्या जॅक्सनव्हिलला त्याने आपले पहिले चाक फिरवून दाखवले आणि पुढे त्याच्या एली ब्रिज कंपनीने अशी चाके पिढ्यान्पिढ्या बनवली. त्याने पुलाच्या कामातली रीत उचलली. आरे एकजीव न करता छोट्या तुकड्यांत केले, तुकडे भोकात पिना घालून जोडले, आणि चाक फिरवायला परिघावरून तारेचा दोर घेतला. आस फिरवायला प्रचंड जोर लागतो. परिघावर तेच काम लहान इंजिन करते. आपल्या जत्रांतल्या पाळण्यांत आजही हीच दोन तत्त्वे आहेत: पिनेची जोडणी, आणि परिघावरून दोराने किंवा घासणाऱ्या टायरने दिलेली गती.

इंजिनाआधीची एक अवस्था आपल्याकडे बराच काळ टिकली. लोखंडी चाक, सहा-आठ खोकी, पण इंजिन नाही. दोन-तीन गडी आऱ्यांवरून चढत मधल्या लाटेपाशी जातात, खाली येणाऱ्या बाजूच्या आऱ्यावर आपले वजन टाकतात आणि तळाशी आल्यावर सोडून देतात. ५५ किलोचा माणूस आसापासून ४ मीटरवर लोंबला की चाकाला मिळणारी पिळवट, म्हणजे फिरवणारा जोर, चांगलीच मोठी असते, म्हणून तीन माणसे भरलेला पाळणा सहज फिरवतात. हे कौशल्य थक्क करणारे आहे आणि तितकेच जिवावरचे. हात निसटला तर खालून येणारे खोके थांबत नाही. जिथे जिथे हा प्रकार मोटरीने हटवला, तिथे चांगलेच झाले.

उभारणी

सुमारे ५० फुटी, १६ आसनांचा पाळणा उभा करताना कामाचा पहिला भाग जमिनीचा असतो. दख्खनच्या काळ्या मातीत हा भाग सर्वांत दगाबाज. कोरडी असताना ती दगडासारखी टणक वाटते; पाणी मुरले की फुगते आणि मऊ पडते. टँकरने धूळ बसवण्यासाठी मारलेले पाणीसुद्धा एका पायाखाली साचले तर चाक कलायला पुरते. म्हणून तळाच्या चौकटीखाली रेल्वेच्या स्लीपरसारखे जाड, रुंद लाकूड घालून भार पसरवतात. पातळी बघायला गवंड्यांची पाण्याची नळी उत्तम. फट भरायला लाकडी पाचरी ठोकतात. विटांची थप्पी कधीच नाही, कारण हादऱ्याने वीट फुटते आणि पाय एकदम खाली जातो. पहिल्या रात्रीच्या खेळानंतर पातळी पुन्हा तपासावी लागते. जमीन बसते ती पहिल्याच रात्री.

तळाच्या चौकटीला बिजागरीने जोडलेले दोन मनोरे आडवे असतात. चेन कप्पीने किंवा हायड्रा क्रेनने ते उभे करून बाजूचे ताण लावतात. मग आस चढवून बेअरिंगची टोपणे कसतात. त्यानंतर आरे. एक आरा लावला की लगेच समोरासमोरचा दुसरा. एका बाजूचे चार आरे आधी लावले तर चाक जड बाजूने आपसूक फिरते आणि खाली उभ्या माणसाला वाचायला वेळ मिळत नाही. म्हणून जोडणीभर चाक दोरखंडाने मनोऱ्याला बांधलेले हवे. आऱ्यांमागून परिघाचे दांडे, आडवे-तिरके ताण, आणि प्रत्येक पिनेच्या टोकाला क्लिप. आसने शेवटी, तीही समोरासमोरच्या जोड्यांनी.

रिकामे चाक सोडले की ते कुठेही थांबले पाहिजे. दर वेळी एकच आसन तळाशी येऊन थांबत असेल तर तोल बिघडलेला आहे. मग वाळूची पोती घालून भाराची चाचणी, आणि मगच माणसे.

आता तो ‘वर लटकत ठेवले’ हा मुलांचा जुना सल. पाळणेवाला मुद्दाम छळत नसतो. माणसे ओळीने १, २, ३, ४ अशी भरली तर एक बाजू जड होते. ७.५ मीटर त्रिज्येच्या चाकावर एका आसनात १८० किलो वजन भरले आणि समोरचे रिकामे असले, तर परिघावरच्या दोराला किंवा टायरला ते १८० किलो एकट्याने पेलावे लागतात. अशी तीन आसने एकाच बाजूला भरली की टायर घसरतो आणि चाक माणसाच्या ताब्यात राहत नाही. म्हणून १६ आसनांच्या चाकात आधी १ आणि ९, मग ५ आणि १३, मग ३ आणि ११, मग ७ आणि १५ असे भरत जातात. उतरवतानाही हाच क्रम. एखाद्या कुटुंबाला ‘तुम्ही जरा थांबा, पुढच्या डब्यात’ असे म्हटले जाते त्यामागे हाच हिशेब असतो. गर्दी पाहून जो पाळणेवाला हा क्रम मोडतो, त्याच्या पाळण्यात न बसणे शहाणपणाचे.

वेगाचे गणित तर याहून कडक आहे. ७.५ मीटर त्रिज्येला मिनिटाला ६ फेरे म्हणजे माथ्यावर वजन ३० टक्क्यांनी कमी. ८ फेरे म्हणजे ५४ टक्क्यांनी. आणि ११ फेऱ्यांना वजन शून्य. सहा आणि अकरा यांत ऐकायला फार अंतर नाही, पण अकराव्या फेऱ्याच्या वेगाला उघड्या आसनातले मूल आसनावर टेकलेले राहत नाही. पोरांनी ‘अजून जोरात’ म्हणून ओरडणे साहजिक आहे. इंजिनाचा थ्रॉटल हातात असलेल्याने ते ऐकायचे नसते. थ्रॉटलला पक्का अटकाव वेल्ड करून घेणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

काय बिघडते

पाळणा उंचीमुळे पडत नाही, सांध्यात सैल पडल्यामुळे पडतो. चाक फिरताना प्रत्येक आरा खाली असताना ताणला जातो, वर गेला की दाबला जातो. दर फेऱ्याला एकदा ताण, एकदा दाब. मिनिटाला ६ फेरे आणि रात्रीत प्रत्यक्ष ३ तास फिरणे धरले तरी १,०८० वेळा. दहा दिवसांच्या यात्रेत १०,८०० वेळा. अशा उलटसुलट भाराखाली क्लिप नसलेली पिन मिलिमीटर-मिलिमीटरने बाहेर सरकते. भोक झिजून लंबगोल होते. मग पिन भोकात आपटू लागते आणि आपटण्याने भोक आणखी झिजते.

जाणते मिस्त्री हे कानाने ओळखतात. दर फेऱ्याला एकदाच ‘टक्’ झाले तर एखाद्या आऱ्याचा सांधा. प्रत्येक आसन एका ठरावीक जागी आले की आवाज येत असेल तर परिघाचा सांधा किंवा दोराची पन्हळ. सतत घरघर असेल तर बेअरिंग. डीजेचा दणदणाट पाळण्याच्या अगदी बुडाशी लावण्याला म्हणूनच हरकत घ्यायला हवी. त्याने ऐकू येणारी एकमेव पूर्वसूचना बुडते.

पिन हरवली की हाताशी असेल तो बोल्ट घालायची सवय फार घातक. २० मिलिमीटरच्या गुळगुळीत पिनेचा छेद ३१४ चौरस मिलिमीटरचा असतो. तेवढ्याच जाडीच्या बोल्टला आटे पाडल्यावर कामाचा छेद २४५ उरतो, म्हणजे २२ टक्क्यांनी कमी. शिवाय आट्याची प्रत्येक खाच ही तडा सुरू व्हायची आयती जागा. बोल्ट वापरायचाच असेल तर सांध्यातून जाणारा भाग आट्यांशिवायचा, गुळगुळीत असला पाहिजे.

वेल्डिंगच्या कडेला पडणारी भेग सुरुवातीला केसाएवढी असते आणि तिच्यातून गंजाची तांबूस रेघ ओघळते. दर वर्षी त्यावर नवा ऑइलपेंट बसतो आणि रेघ झाकली जाते. झगझगीत रंगवलेला पाळणा चांगला, हा समज सोडून द्यावा. जुना रंग जिथे पोपडे धरतो तिथे खाली लोखंड हलत किंवा गंजत असू शकते.

आसनाचा अपघात वेगळ्या कारणाने होतो. आसन ज्या दांड्यावर लोंबते तो बसलेल्या माणसाच्या साधारण खांद्याच्या उंचीवर असतो. एकूण वजनाचा मध्य त्या दांड्याच्या खाली राहतो म्हणून आसन सरळ राहते. दोन मुले उठून उभी राहिली की तो मध्य वर सरकतो, दांड्याच्या वर गेला की आसन उलटते. साखळीचा आकडा मुलांना बसवून ठेवण्यासाठी असतो. तो सैल असेल तर नुसता दिखावा. मोकळे केस आणि ओढण्या यांनीही जीव गेले आहेत. आसनामागून फिरता दांडा किंवा दोर जात असेल तर त्याला जाळी हवीच.

दहिवर पडून टायर-घासणीची पकड जाते, चैत्र-वैशाखातल्या यात्रांना वळवाचा वारा येतो, आणि जनरेटरच्या वायरीचे चिकटपट्टीने गुंडाळलेले सांधे ओल्या गवतात पडलेले असतात. शेवटच्या गोष्टीला उत्तर सोपे आहे: चौकटीला स्वतंत्र अर्थिंग आणि पॅनेलमध्ये गळती-विद्युत तोडणारा ब्रेकर.

चक्री, साखळी, विहीर

घोड्यांच्या चक्रीची वाट युरोपात वाफेपासून बदलली. १८६१ च्या सुमारास इंग्लंडात थॉमस ब्रॅडशॉने वाफेवर चालणारी चक्री आणली. नंतर किंग्ज लिनच्या फ्रेडरिक सॅव्हेजने इंजिन मध्यभागी ठेवून घोडे वरखाली उडवणारी रचना रुळवली. घोड्यांची दौड दिसायला गुंतागुंतीची, पण आत साधी: माथ्यावर स्थिर दातेरी चाक, त्यावर घरंगळणारी छोटी दातेरी चाके, प्रत्येकाला जोडलेला वाकडा दांडा, आणि दांड्याच्या वाकणात अडकवलेला घोड्याचा खांब. चक्री फिरली की दांडा फिरतो, वाकण वरखाली होते, घोडा उडतो. शेजारच्या दांड्यांची वाकणे वेगवेगळ्या कोनात ठेवली म्हणजे सगळे घोडे एकदम वर जात नाहीत. आपल्या छोट्या जत्रांत मात्र जमिनीत रोवलेला खांब, वरून टांगलेले घोडे आणि गोल चालत ढकलणारा माणूस एवढ्यावर चक्री चालत आली आहे. त्यात बिघडण्यासारखे असते ते फक्त खांबाच्या टोकावरचे बेअरिंग आणि टांगत्या सळईचा आकडा.

साखळ्यांना टांगलेल्या आसनांच्या पाळण्यात मुलांना नेहमी पडणारा प्रश्न असा, की जाड काका आणि रोड पोर एकाच कोनात कसे उडतात. कोन ठरतो तो वेग आणि त्रिज्येवर. वजन हिशेबाच्या दोन्ही बाजूंना सारखेच येते, म्हणून ते कटते. उडालेल्या आसनाची त्रिज्या ६ मीटर आणि मिनिटाला १० फेरे असतील, तर साखळी सुमारे ३४ अंशांनी बाहेर झुकते, मग आसन भरलेले असो वा रिकामे. वारा असेल तर मात्र रिकामी आसने भरकटून शेजारच्यावर आदळतात, म्हणून ती बांधून ठेवायची.

मौत का कुआँ हा या सगळ्यांत वेगळा, कारण इथे लोक बघायला येतात. अमेरिकेत फळ्यांच्या उतरत्या धावपट्ट्यांवर मोटरसायकलींच्या शर्यती होत. १९१० नंतरच्या दशकात त्यांची आटोपशीर आवृत्ती जत्रांत आली आणि भिंत हळूहळू उभी होत गेली. ब्रिटनमध्ये ती १९२९ मध्ये पोचली. तिकडे आता ती दुर्मीळ झाली आहे. भारतात अजून जिवंत आहे, जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकली आणि मारुती ८०० यांच्या जोरावर.

सुमारे ३० फूट व्यासाच्या विहिरीत स्वाराचा वजनमध्य साधारण ४ मीटर त्रिज्येवर फिरतो. ताशी ४० किलोमीटर वेगाला भिंत त्याला आत ढकलते ती गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट जोराने. एवढ्या दाबाला टायर आणि फळीमधले घर्षण त्याला खाली घसरू देत नाही. टायरची पकड चांगली असेल तर हिशेबाने ताशी तिसाच्या आसपास वेगही पुरतो, पण फळ्यांवर तेल सांडले, धूळ बसली की हा आकडा झपाट्याने वर जातो. गाडी जवळजवळ आडवी असूनही कार्बोरेटरला पेट्रोल नीट मिळते, कारण त्या क्षणी गाडीपुरते ‘खाली’ म्हणजे भिंतीकडे. इंजिन बंद पडले तरी स्वार दगडासारखा कोसळत नाही. वेग ओसरत तो तळाच्या उतारावर येऊ शकतो. खरी भीती पंक्चरची आणि साखळी तुटून चाक जाम होण्याची.

भिंत ही सुद्धा जोडणीच. फळ्यांचे पाट क्रमांक घालून ठेवलेले असतात, कारण झिजलेले पाट एकमेकांशी त्याच क्रमाने नीट बसतात. बाहेरून पोलादी दोरांचे वेढे त्यांना आवळून धरतात. गाडी आणि स्वार मिळून १६० किलो धरले तर भिंतीवर सुमारे ५०० किलोचा दाब येतो, आणि तो सव्वादोन सेकंदाला एक चक्कर मारतो. वरच्या गॅलरीत उभे राहिल्यावर पायाखाली जाणवणारा झोल हाच. थोडा झोल असायचाच. पण फळ्यांच्या मधून उजेडाची फट उघडझाप करताना दिसली, तर दोर सैल आहेत.

ब्रेक डान्स, नाव, ड्रॅगन गाडी हे प्रकार नंतरचे. दिल्लीत १९८४ मध्ये अप्पू घर आणि मुंबईत गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाल्यावर अशा यंत्रांची चव लोकांना लागली आणि ट्रकवर बसतील अशा देशी आवृत्त्या जत्रांत उतरल्या. ब्रेक डान्सची मूळ रचना जर्मनीतल्या हुस कंपनीची, १९८५ च्या सुमाराची: मोठी थाळी एकीकडे फिरते, तिच्यावरचे चौफुले उलटे फिरतात, आणि प्रत्येक पाळणा बिनमोटरीच्या बेअरिंगवर मोकळा असतो. कोण कुठे बसले यावर त्याचे गरगरणे ठरते, म्हणून त्याच पाळण्यातले दोन खेळ सारखे होत नाहीत. नावेला तळाशी फिरणारा टायर घासून ढकलतो, झोक्याला योग्य वेळी दिलेल्या हिसक्यासारखा.

दाखला आणि तपासणी

महाराष्ट्रात अशा खेळांना पोलीस कायद्याखालचा करमणुकीचा परवाना लागतो आणि त्यासोबत यांत्रिक सुस्थितीचा व विद्युत निरीक्षकाचा दाखला मागितला जातो. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५४७५ हे मानकही आहे. अडचण वेळेची आहे. तपासणी होते तेव्हा पाळणा उभा असतो, सांध्यांवर बल्बांच्या माळा आणि फ्लेक्स लागलेले असतात, यात्रा दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची असते. पिनेचे भोक बघायची खरी वेळ त्याच्या दोन दिवस आधी, आरे जमिनीवर पडलेले असताना. यात्रा समित्यांनी मैदान देताना तेवढी एक अट घातली तरी पुष्कळ साधेल.

खोलता येणारे यंत्र म्हणजे धोकादायक आणि कायमचे ते सुरक्षित, असेही नाही. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या उद्यानात १४ जुलै २०१९ रोजी लंबकासारख्या झोक्याचा मुख्य दांडा तुटून दोघांचा जीव गेला. ते यंत्र कायम उभे असलेले होते. जत्रेचा पाळणा हंगामात अनेकदा सुटा होतो, प्रत्येक पिन प्रत्येक वेळी कुणाच्या तरी हातात येते. त्या हाताला काय बघायचे ते ठाऊक असेल, तर ही मोठी सोय आहे, आणि उद्यानातल्या यंत्राला ती सहसा मिळत नाही.

पावसाळ्यात पाळणे शेडमध्ये पडून असतात, तेव्हाचे काम असे. वेल्डच्या भोवतीचा रंग तारेच्या ब्रशने काढायचा, लोखंड पुसून कोरडे करायचे, लाल भेदक रंगाचा फवारा मारून १० ते २० मिनिटे थांबायचे, पृष्ठभाग स्वच्छ पुसायचा आणि वर पांढरा फवारा मारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तीन डब्यांचा हा संच वेल्डिंगचे सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतो. रेघ उमटली तर वरून वेल्ड फिरवून भागत नाही. भेग ग्राइंडरने तळापर्यंत खरवडून मग भरायची आणि पुन्हा तपासायची. पिना व्हर्नियरने मोजायच्या, अर्धा मिलिमीटर झिजलेली बाजूला. लंबगोल भोकाला जाडी पिन हा उपाय नव्हे: भोक मोठे करून पोलादी बुश, म्हणजे आत बसणारी नळी, बसवायचा आणि मूळ मापाची पिन घालायची, म्हणजे हंगामाच्या मध्यात एखादी हरवली तरी पेटीतली दुसरी कुठल्याही सांध्यात बसते.